वाळूवरची बिस्किटं

वाळू धुवावी लागते हे ऐकलं की आमच्याकडे उतरलेली शहरातली माणसं हसतात. वाळूच ती, तिला काय धुवायचं? पण समुद्राची वाळू न धुता पातेल्यात घातली, तर तापल्यावर तिला कुबट वास सुटतो आणि तो बिस्किटांत बसतो. म्हणून भरतीची रेघ संपते त्याच्याही वरची, सुरूच्या झाडांखालची वाळू आणायची, विहिरीवर बादलीत घोळून घोळून धुवायची आणि शेवटचं पाणी जिभेला लावून बघायचं. खारट लागलं की पुन्हा धुवायची. मग चादरीवर पसरून उन्हात टाकायची. ही आमच्या सासूबाईंची रीत. मी लग्न होऊन दिवेआगरला आले, तेव्हा पहिल्याच थंडीत त्यांनी माझ्यापुढे बादली ठेवली आणि म्हणाल्या, "चाख." मला वाटलं, ही बाई माझी थट्टा करतेय. मी चाखलं आणि थुंकले. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग अजून धू."

पूर्वी इकडची माणसं पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीत जायची आणि भट्टीतून आपली नानकटाई भाजून आणायची. सासूबाईंना ते पटायचं नाही. "आपलं तूप आपल्याच बिस्किटांत पडतंय कशावरून?" असा त्यांचा सवाल. म्हणून त्या घरीच करायच्या. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, जाड पातेल्यात वाळू, वाळू तापली की तिच्यावर थाळी, थाळीत बिस्किटं, वर झाकण आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे. गव्हाचं पीठ, थोडा रवा, घरचं तूप, बारीक चिरलेला गूळ. मसाल्याला सुंठ, मिरी, लवंग, वेलची आणि वाडीतलं जायफळ. नानकटाईसारखी पांढरी, नाजूक नव्हेत ही. तांबूस, खरबरीत, आणि गिळल्यावर घशात ऊब राहते. घरात सगळे त्यांना थंडीची बिस्किटं म्हणतात. आमची थंडी ती केवढी, पहाटे गोधडी लागते आणि दहा वाजता पंखा लावतो. पण तेवढ्या थंडीचाही आम्हाला कोण अभिमान.

ही बिस्किटं करायला दर थंडीत वन्सं यायच्या. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, ह्यांची एकुलती एक बहीण. पनवेलला दिलेली. डिसेंबर उजाडला की त्यांचा फोन यायचा, "जायफळं काढून वाळवलीत का?" आणि मागोमाग त्या स्वतः एसटीने हजर. माजघराला लागून वाडीच्या अंगाला एक खोली होती. लहानपणी त्या तिथे झोपायच्या, लग्नानंतरही तिथेच उतरायच्या, म्हणून ती वन्संची खोली. मायलेकी चुलीपुढे बसून थाळ्या लावायच्या, आणि मला अधूनमधून चहाचा हुकूम यायचा. तेव्हा माझं डोकं फिरायचं. मी मुळातच तोंडाची फटकळ. हिला माहेरपण आणि मला हमाली, असं एकदा ह्यांना सुनावलंही होतं. पण सासूबाई गेल्या त्या थंडीत वन्सं आल्या, चुलीपुढे बसल्या आणि शेजारचा पाट माझ्याकडे सरकवला. "तू बस, वहिनी. थाळीचं मला जमतं, निखाऱ्यांचं आईलाच कळायचं. तू बघून बघून शिकलीस." तेव्हापासून आम्ही दोघी मिळून बिस्किटं करायला लागलो, आणि खरं सांगायचं तर मला त्या चार दिवसांची वाट बघायची सवय लागली.

मग ते वादळ झालं. सुपारीची झाडं एकावर एक आडवी झाली, नारळ निम्मे गेले. पुन्हा लावलेली सुपारी हाताशी यायला किती वर्षं लागतात हे वाडीवाल्यांना विचारा. तोवर खायचं काय? गावात ज्याने त्याने पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या, आम्हीही काढायच्या ठरवल्या. त्यासाठी कर्ज हवं होतं आणि जागेच्या कागदावर वन्संचंही नाव होतं. वन्सं एका शब्दाने काही न विचारता तालुक्याला आल्या आणि हक्क सोडल्याची सही करून मोकळ्या झाल्या. कचेरीतून बाहेर पडताना भावाला काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "वहिनी, मला काही नको. थंडीत चार दिवस यायला माझी खोली तेवढी असू दे."

मी म्हणाले, "हे काय सांगणं झालं, वन्सं? तुमचंच घर आहे."

अगदी मनापासून म्हणाले होते. खोटं बोलायची माझी तयारी असते तेव्हा मी अडखळते, आणि त्या दिवशी मी अजिबात अडखळले नाही.

खोल्या झाल्या. खोल्यांना झाडांची नावं दिली, कारण तशी पद्धत पडलीय. वन्संच्या खोलीला बकुळ नाव मिळालं. तिला आतून न्हाणीघर काढलं, एसी लावला, आणि एसीची थंडी बाहेर जाऊ नये म्हणून वाडीकडची खिडकी बुजवली. आमच्याकडची सगळ्यात मागणी असलेली खोली तीच. पहिली थंडी मी ती वन्संसाठी अडवून ठेवली. त्या आल्या, राहिल्या, एसी मात्र त्यांनी लावला नाही. दुसऱ्या वर्षी मी फोनवर म्हणाले, "आठवडाभर पुढे या ना, नाताळची गर्दी सरली की." त्या पुढे आल्या. मी स्वतःची समजूत घातली की त्यांनाही गर्दी नकोच असणार.

गेल्या डिसेंबरात त्यांचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी होते. एका हाताला भाकरीचं पीठ, मान वाकडी करून खांद्याशी धरलेला मोबाइल. "कधी येऊ गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "वन्सं, सगळं भरलंय हो. बकुळ तर महिनाअखेरपर्यंत गेलीय. सीझन संपला की निवांत या, चांगले आठ दिवस राहा." त्या म्हणाल्या, "बरं, बघते." आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी काय केलं तेही सांगते. मी सुटकेचा निःश्वास सोडला. इतकंच नाही, हे स्वयंपाकघरात आले तेव्हा मी म्हणाले, "तुमच्या बहिणीचा फोन होता. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं." हे हसले नाहीत, रागावलेही नाहीत. आमचे हे कधीच काही होत नाहीत. पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर निघून गेले. ज्या बाईने आपला हक्क आपल्या हाताने सोडला, तिच्या नावाने मी ही म्हण वापरली. तोंडातून निघालेला शब्द परत घेता येत नाही, आणि मला तर तो लगेच घ्यावासाही वाटला नव्हता.

वाटलं ते दोन दिवसांनी. बाजारात कुणीतरी विचारलं, "वन्सं आल्या का हो यंदा?" आणि मी भाजीची पिशवी उचलून तिथून काढता पाय घेतला. घरी आल्यावर मी ठरवलं की यंदा बिस्किटं मी एकटीच करीन आणि मोठा डबा भरून पनवेलला पाठवीन. ओळखीचे गाडीवाले असतात, कुणाच्याही हाती जातो. डबा गेला की आपण मोकळे, असं माझं गणित. पाहुण्यांसाठी केक करायला घेतलेली विजेची भट्टी घरात आहे, तिच्यात बिस्किटं चुटकीसरशी होतात. पण वन्संना पाठवायची ती वाळूवरचीच हवीत, एवढी अक्कल मला होती. म्हणून मी सुरूंखालून वाळू आणली, दुपारी विहिरीवर बसून धुतली, चाखली, पुन्हा धुतली आणि अंगणात पसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांच्या नाश्त्याची धांदल चालली होती. घावने तव्यावर, नारळाची चटणी मिक्सरात, कुणाला चहा बिनसाखरेचा, कुणाला कॉफी. आणि मागच्या दारातून वन्सं आत आल्या. हातात कापडी पिशवी. अंघोळ झालेली, केस नीट विंचरलेले, पातळाची घडीही मोडलेली नाही.

"अगोबाई, वन्सं? कधी निघालात?"

"आले पहाटेच्या गाडीने," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी परत जाईन. तू करत राहा तुझं, मी सुंठ कुटायला घेते."

पाहुण्यांना कुठली एसटी कधी येते आणि कधी सुटते हे झोपेतही सांगणारी मी. त्या वेळेला पनवेलहून इथे पोचेल अशी गाडी नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. मी पटकन हिशेब केला, संध्याकाळी जाणार म्हणजे झोपायच्या जागेचा प्रश्न नाही. आणि मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी त्यांना मिठी मारली. त्यांना वाटलं असेल, वहिनीला आनंद झाला. आनंदही झाला होता, नाही असं नाही. पण कशाचा जास्त, ते मला माहीत आहे.

नाश्ते उरकल्यावर आम्ही मागल्या पडवीत चूल पेटवली. पातेल्यात वाळू घातली. वन्संनी पिशवीतून पनवेलहून आणलेली मिरी आणि लवंग काढली, घरात सगळं असताना. मी तूप फेटलं, त्यांनी गूळ मिसळला. पीठ मळताना त्या भावाबद्दल विचारत होत्या, त्याचा गुडघा कसा आहे, नव्या सुपाऱ्या जीव धरतायत का. वाळू तापल्यावर त्यांनी हात वर धरून अंदाज घेतला आणि "अजून थोडं" म्हणाल्या. पहिल्या थाळीची थोडी करपली, नेहमीच करपतात. ती आम्ही दोघींनी उभ्या उभ्या खाल्ली. मला एकदम हलकं वाटलं. बघ, काही बिघडलेलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते.

बकुळमधले पाहुणे समुद्रावर गेले होते तेव्हा वन्संनी विचारलं, "जरा खोली बघू का?" मी जादाची चावी घेऊन दार उघडलं. त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. आत पलंगावर कुणाचे ओले टॉवेल, आरशापुढे कुणाच्या बाटल्या. खिडकी होती त्या भिंतीकडे त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, "रंग छान दिलायस." मी दार लावून घेतलं.

दुपारी ते पाहुणे परतले. पुण्याची जोडी, माणसं चांगली, उगाच नावं ठेवणार नाही. वासाने ती बाई पडवीत आली. वन्सं खाली पाटावर बसून थाळी लावत होत्या, पदर खोचलेला, हात पिठाचे. तिने एक बिस्कीट खाल्लं, डोळे मिटले, आणि वन्संना विचारलं, "काकू, तुम्ही इथल्याच का?"

वन्सं म्हणाल्या, "दर थंडीत येते मी, बिस्किटं करायला."

त्यात काही खोटं नव्हतं. ती बाई माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाली, "तुमच्या ह्या बाई किती सुरेख करतात हो. रोज असतात का कामाला?"

आणि मी म्हणाले, "नाही, थंडीतच येतात."

एवढंच. ह्या बाई ह्या घरची लेक आहेत, तुम्ही झोपता ती खोली त्यांची आहे, असं सांगायला काय लागत होतं? पण ते सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, मग त्या कुठे राहतात? ते मला नको होतं. मी वेळ मारून नेली. वन्सं थाळीकडे बघत होत्या. त्यांनी एक बिस्कीट उचललं, पुन्हा वळलं आणि होतं तिथेच ठेवलं. ती बाई गेल्यावर मला म्हणाल्या, "निखारे उतरव, वहिनी. वरून लागतील." मी निखारे उतरवले.

संध्याकाळी त्या निघाल्या तेव्हा नवे पाहुणे दारात उभे होते, त्यांच्या गाड्या कुठे लावायच्या ते हे दाखवत होते. डबे सगळे स्वयंपाकघरात वापरात अडकलेले. म्हणून मी हाताला आलेल्या पिशव्यांत बिस्किटं भरली. आम्ही पाहुण्यांना लोणचं, आमसूल विकतो त्या पिशव्या, वर आमच्या घराचं लेबल: घरगुती चव, पुन्हा अवश्य या. वन्संनी पिशव्या घेतल्या, एकीवरचं वाचलं आणि आपल्या कापडी पिशवीत ठेवल्या. हे म्हणाले, "स्टँडवर सोडू का?" त्या म्हणाल्या, "नको रे, चालत जाते. पाय मोकळे होतील." हे पुन्हा म्हणाले नाहीत. मीही म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या आळीतली बाई विरजण मागायला आली. आमच्याच बचत गटातली. तिनेही घरावर मजला चढवून दोन खोल्या काढल्यात. वाटी पुढे करत ती म्हणाली, "तुमची बिस्किटं झ्याक झालीत हां. तुमच्या वन्संनी दिली काल चहाबरोबर."

मला समजेना. "वन्संनी? त्या तर काल गेल्या."

"कुठं गेल्या? आमच्याकडं हायत ना. परवा दुपारीच उतरल्या, वरल्या खोलीत. उद्या सकाळच्या गाडीनं जाणार." ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली. "तुमच्याकडं जागा न्हाय म्हणून तुम्हीच धाडलंत ना? मी म्हटलं, पैसे नको, गावची लेक तुम्ही. तर ऐकंनात. आल्या आल्या देऊन टाकले."

मी म्हणाले, "हो, मीच पाठवलं." दोन दिवसांत दुसऱ्यांदा वेळ मारून नेली. ह्या वेळी मात्र अडखळले.

विरजण घेऊन ती गेली. लाज म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. नुसतं वाईट वाटणं वेगळं. गावात कितीतरी घरं, त्यांत वन्संचं स्वतःचं माहेर, आणि बाई पैसे देऊन दुसऱ्याच्या माडीवर झोपतेय. का, तर तिला थंडीत चार दिवस यायचंय. दुसरं काही तिने कधी मागितलंच नाही. मी ह्यांना बोलावून सांगितलं. हे खाली बसले. म्हणाले, "तू जा. मी आलो तर ती रडेल."

"ती रडेल, का तुम्ही?" मी म्हणाले. मला ह्यांचा इतका राग आला की काय सांगू. पण आरक्षणं घेते कोण? फोन उचलला कुणी? आपलेच दात आपलेच ओठ.

आणि तरी मी लगेच गेले नाही. जेवणं होती. कुणाला सुरमई, कुणाला शाकाहारी, नव्या पाहुण्यांना उकडीचे मोदक सांगितलेले. मी मोदक वळले, तूप वाढलं, कुणी वाहवा केली तर हसले. मनात एकच, त्या आत्ता काय जेवत असतील? सगळं उरकून हात पुसले तेव्हा उन्हं कलली होती.

मागच्या आळीतल्या घराला बाहेरून जिना आहे. वर छोटा सज्जा, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. वन्सं एका खुर्चीत बसल्या होत्या. मला बघून दचकल्या नाहीत. "ये," म्हणाल्या, "मला वाटलंच, आज ना उद्या कळेल तुला. बस."

मी बसले नाही. मी घरून वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी गेली. "वन्सं, चला घरी," एवढंच निघालं. "आत्ताच्या आत्ता. माझ्या अंथरुणात झोपा, मी स्वयंपाकघरात पडेन. नाहीतर बकुळ रिकामी करते, त्यांना सांगते जा दुसरीकडे."

"असं काय करतेस? पाहुण्यांना कुणी घालवतं का?" त्या म्हणाल्या. "आणि इथले पैसे दिलेत मी. बरी आहे गं खोली. गरम पाणी येतं."

"मला शिव्या द्या तुम्ही. चांगल्या कचकचीत द्या. त्या बाईला मी काय उत्तर दिलं ते ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं."

"मग बोलत का नाही?"

त्यांनी माझ्या हाताला धरून मला खुर्चीत बसवलं. "काय बोलू? तुला काय हौस आहे का माणसं ठेवायची? वादळात काय गेलं ते मी बघितलंय. तुझा राग नाही आला मला, खरंच नाही. वाईट वाटलं. ते वाटणारच." मग सज्ज्याच्या कठड्याकडे हात करून म्हणाल्या, "इथून बघ. आपली वाडी सगळी दिसते."

मी उठून पाहिलं. खरंच दिसत होती. नव्या सुपाऱ्यांच्या ओळी, जायफळाचं झाड, मागली पडवी, विहीर. विहिरीवरची माझी बादली.

"परवा दुपारी मी इथे आले, पिशवी ठेवली आणि बसले," त्या म्हणाल्या. "यायचं ठरवलं होतं, पण तुझ्या दारात यायचं की नाही ते ठरत नव्हतं. तू नको म्हणाली होतीस. मग तू विहिरीवर आलीस, बादली घेऊन. वाळू धुतलीस, चाखलीस, पुन्हा धुतलीस. म्हटलं, म्हणजे उद्या बिस्किटं. मग सकाळी आले."

मला रडू फुटलं. मी रडणाऱ्यांतली नाही, भांडणाऱ्यांतली. पण त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ढसाढसा रडले. ती वाळू मी त्यांना एक डबा पाठवून मोकळं व्हायला धुतली होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या उठल्या, जिन्यावरून खाली हाक मारून दोन कप चहा सांगितला आणि आतून बशी आणली. बशीत आमचीच बिस्किटं. "घे," म्हणाल्या, "जायफळ यंदा बेताचं पडलंय, बरं लागतं." चहा आला. आम्ही चहा घेतला. मी पुन्हा म्हणाले, चला. पुढच्या थंडीत बकुळ कुणालाही देणार नाही, असंही म्हणाले, शपथ घातली. त्या ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या. मग माझ्या कपात राहिलेल्या चहाकडे बघून म्हणाल्या, "गार होतोय."

खाली आमच्या अंगणात गाडीचा हॉर्न वाजला. कुणीतरी पाहुणे आले असणार. वन्संनीच म्हटलं, "जा तू, माणसं खोळंबतील. उद्या मी सकाळी लवकर निघेन, दाराशी हाक मारून जाईन."

मी उठले. पायऱ्यांशी पोचले तेव्हा त्या म्हणाल्या, "थांब." खोलीत जाऊन पर्समधून कुंकवाची डबी घेऊन आल्या. दारातून सवाष्ण निघाली की रिकाम्या कपाळाने पाठवायची नाही, एवढंच त्यांच्या मनात असेल. माझ्या कपाळाला त्यांनी कुंकू लावलं. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी पाठीवरून हात फिरवला.

"अशीच येत जा, वहिनी," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणाले आणि जिना उतरले.